सुजाताताईने खोडलेला प्रश्न

सुजाताताई, तू गेलीस आणि तुझं काम माझ्याकडे तपासायला येऊन पडलंय. आता मी काय करू ते सांग. म्हणजे सांगू नकोस, तू सांगू शकणार नाहीस एवढं मलाही कळतं. पण इतक्या वर्षांची सवय आहे. काही अडलं की खुर्ची मागे सरकवायची आणि 'ताई' म्हणून हाक मारायची. परवाही मारली. पलीकडच्या टेबलावर आता पुण्याहून बदलून आलेला कुणीतरी बसतो, तो बिचारा दचकला.

आपल्या टीममध्ये एक नियम आहे आणि तो तूच घालून दिलास. लिहिणाऱ्याने आपलं लिखाण आपणच मंजूर करायचं नाही. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि तपासणाऱ्याने 'हो' म्हटल्याशिवाय एक ओळही पुढे जाणार नाही. माझं तू तपासायचीस, तुझं मी. तुझा शेवटचा बदल, म्हणजे प्रोग्रामच्या ओळींतली दुरुस्ती, तू गेलीस त्याच आठवड्यात माझ्या नावावर आला. मी तो उघडला तेव्हा तुला हॉस्पिटलात हलवलं होतं. म्हटलं, घरी आली की भांडू. भांडायला भरपूर मालमसाला होता.

कारण त्या बदलात तू माझं म्हणणं मान्य केलंयस. थोडंथोडकं नाही, सगळं. आणि मला न सांगता. एवढी वर्षं जिने मला एक इंच पुढे सरकू दिलं नाही, तिने जाता जाता मला अख्खं मैदान देऊन टाकलं. ताई, मी हे वाचलं आणि मला आनंद झाला नाही. माझं डोकंच चालेना. मी तो बदल बंद केला, पुन्हा उघडला, वर नाव तुझंच आहे ना ते पाहिलं.

तुला वेगळं समजावायला नको, पण भाऊजी हे वाचतील, तुझी लेक उन्नती वाचेल, आणि त्या दोघांना तू कायम 'कंप्युटरचं काहीतरी किचकट' एवढ्यावरच बोळवत आलीस. म्हणून त्यांच्यासाठी सांगतो. आपण डीबगर बनवतो. चालू प्रोग्राम मध्येच थांबवून त्याच्या आत डोकावायचं, त्याचं हे अवजार. ज्याचा प्रोग्राम बिघडलाय तो इंजिनिअर एखाद्या ओळीवर त्याला थांबवतो आणि एखादं नाव टाइप करतो. समजा, 'स्पीड'. त्या नावाच्या खणात या घडीला कोणता आकडा आहे, ते आपल्या अवजाराने दाखवायचं. ऐकायला सोपं आहे. पण मोठ्या प्रोग्रामात शेकडो फाइली असतात, त्या वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या असतात, आणि प्रत्येकाला 'स्पीड' हेच नाव सुचलेलं असतं. एकाचा चाकाचा स्पीड, एकाचा पंख्याचा, एकाचा वायपरचा. थांबलेल्या ओळीच्या आसपास त्यातला एक असला तर प्रश्न मिटला, तोच घ्यायचा. पण जवळ एकही नसला आणि लांब लांब तीन-चार असले, तर? टाइप करणाऱ्याच्या मनात यातला कोणता होता? भाऊजी, तुमच्या बायकोचं आणि माझं भांडण एवढ्यावरून होतं. हो, एवढ्यावरूनच.

तू ते बदलण्याआधी आपलं अवजार जो पहिला सापडेल तो दाखवून मोकळं व्हायचं. मग बसचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीतला इंजिनिअर अख्खी दुपार पंख्याचा स्पीड बघत बसला आणि चाकाचा समजून डोकं आपटत राहिला. नुकसान काही झालं नाही, एक दुपार गेली. पण त्याची तक्रार वाचून तू डबा उघडला नाहीस. "अरे, त्याने विश्वासाने विचारलं आणि आपण बिनधास्त ठोकून दिलं!" असं म्हणत तू टीमच्या खोलीत येरझाऱ्या घालत होतीस. मी नवा होतो. मला वाटलं, या बाईंचं स्वतःचं काहीतरी हरवलंय.

त्यानंतर तू ते लिहिलंस. एका नावाचे अनेक सापडले, तर अवजाराने स्वतः ठरवायचं नाही. सगळे एकाखाली एक मांडायचे, प्रत्येकापुढे फाइलचं नाव, आणि खाली प्रश्न. तो प्रश्न इंग्रजीत आहे. मराठी करायचं तर साधारण असं होईल: 'या नावाचे एकाहून जास्त आहेत. कृपया सांगा, तुम्हाला यातलं कोणतं हवंय?' त्यातल्या 'कृपया'वर आपली पहिली चकमक झाली. मी म्हटलं, यंत्र कशाला कृपया म्हणेल? तू म्हणालीस, "यंत्र नाही म्हणत, मी म्हणतेय." तेव्हापासून कुठे कुठे, कोणत्या देशात, कोणी अडला की त्याच्या पडद्यावर तू त्याला नम्रपणे विचारायचीस. खाली तुझं नाव नसायचं, पण ती तूच होतीस हे मला ठाऊक होतं.

माझं म्हणणं पहिल्यापासून वेगळं. जो माणूस प्रोग्राम थांबवून बसलाय तो आधीच वैतागलेला असतो, त्याला आपण वर आणखी प्रश्न कसले विचारायचे? प्रोग्राम कुठे थांबलाय ते बघा, कुणाकुणाला भेटून तिथवर आलाय ते बघा, आणि अंदाजाने त्यातल्या त्यात जवळचा उचलून द्या. पाच वेळा बरोबर येईल, एकदा चुकेल. एकदा एका ग्राहकाने आपल्याला लिहिलं होतं की तुमचं अवजार इतकं विचारतं की मी काय शोधत होतो तेच विसरतो. मी ते नाचवत तुझ्याकडे आलो. तू शांतपणे म्हणालीस, "त्याला विसरू दे, पण फसू देऊ नको."

गुरुग्रामहून फरीदाबादला जाताना तुझ्या गाडीत हे रोज चालायचं. टोलनाका मागे पडला, दोन्ही बाजूंना ती खुरटी झाडी सुरू झाली, की तू म्हणायचीस, "हां, बोल, काय म्हणत होतास?" आणि मी बोलायचो. बडखल येईपर्यंत आपण एकमेकांना मूर्ख ठरवलेलं असायचं. मग तू विचारायचीस, "नेहमीच्या कोपऱ्यावर सोडू की पुढे यायचंय?" मी म्हणायचो, ताई, मी रोज त्याच कोपऱ्यावर उतरतो. "तरी विचारावं माणसाने," असं तुझं ठरलेलं उत्तर.

विचारण्याचा तर तुझा छंदच होता. चहा मागितला तर साखर किती, आलं घालू का, उकळू का नुसता, कप का ग्लास. टीममधली पोरं तुला पाठीमागे चौकशी खिडकी म्हणायची. हे तुला माहीत होतं आणि तुला ते आवडायचंही, खोटं बोलू नकोस. माझ्या मुलाखतीत तर कमालच केलीस. यूपीएससीचे सगळे प्रयत्न संपवून, उदगीरला तोंड कसं दाखवावं या विवंचनेत मी तुझ्यासमोर बसलो होतो. जुनं इंजिनिअरिंग अर्धं विसरलेलं. तू कागद बाजूला ठेवून मराठीत म्हणालीस, "तुम्हाला काय विचारलेलं आवडेल?" दिल्लीत तोवर मला असं कुणी विचारलंच नव्हतं.

कारण इथे माझं नाव ऐकलं की लोकांचं सगळं ठरून जातं. रफीक म्हटलं की पुढचं ते स्वतःच भरतात. कुठली भाषा बोलत असेल, काय खात असेल, घर भाड्याने द्यावं की नाही. मी मराठी बोललो की माणसं अशी बघतात, जणू मी कुणाची तरी भाषा उसनी घेऊन आलोय. तुझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आलो, तेव्हा तू ताटातल्या प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून 'हे चालेल का' विचारलंस. वरणभातावरसुद्धा. मी म्हटलं, ताई, उदगीरच्या माणसाला वरणभात का चालणार नाही? तू हसलीस, पण म्हणालीस, "मी कशाला धरून चालू?" त्या दिवशी मी तुम्ही-तुम्ही करणं सोडलं.

आणि एकदा गाडीत, मी फारच ताणून धरलं तेव्हा, तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली होतीस, "रफीक, नाव ऐकून ठरवून टाकणारे काय कमी आहेत का रे? आडनाव सांगितलं की माझंही ठरवतात लोक. त्यात आपल्या अवजाराची भर नको." मला वाटलं, हे भांडण इथे संपलं, ही जिंकली. दुसऱ्या दिवशी तूच पुन्हा म्हणालीस, "हां, बोल, काय म्हणत होतास?"

मग आता सांग, हे सगळं बोललेली बाई असा बदल कसा पाठवते?

मी तो तीनदा वाचलाय. त्यात एक चूक काढून दाखवायला मी जिवाचा आटापिटा केला. नाही सापडली. माझ्या अंदाजापेक्षा तुझा अंदाज कितीतरी शहाणा आहे. प्रोग्राम कुठे थांबलाय, तिथे त्याला कुणी धाडलं, त्याला आणखी कुणी, अशी साखळी मागे मागे बघत जायची, त्या वाटेवर ज्या फाइलीत ते नाव पहिल्यांदा भेटेल ते घ्यायचं, आणि उत्तराशेजारी फाइलचं नाव बारीक अक्षरात दाखवायचं. म्हणजे चुकलं तरी फसवणूक नाही. मला एवढ्या वर्षांत हे सुचलं नाही, आणि तू अंथरुणावर बसून लिहिलंस. पण लाल रंगात, काढून टाकलेल्या ओळींत, तो प्रश्न आहे. कृपयासकट. तो तू स्वतःच्या हाताने खोडलायस. खाली कारण काही नाही. इतरांना एका ओळीच्या बदलाला दहा ओळींचं स्पष्टीकरण लिहायला लावणारी तू, आणि तुझ्या बदलाखाली एवढंच: 'यापुढे विचारू नये.'

का, ताई?

मला एक सकाळ आठवतेय. ती आठवली नसती तर बरं झालं असतं, निदान गोंधळ कमी झाला असता. मी तुझ्याकडे किन्नू, ही इकडची संत्री, घेऊन आलो होतो. तू मध्ये मध्ये घरूनच काम करायचीस, औषधाची एक फेरी झाली की थोडे दिवस बरे जायचे, तसे ते दिवस होते. डॉक्टरांनी पुन्हा पर्याय दिले होते. हे औषध की ते, इथेच की दुसरीकडे दाखवायचं, लगेच की थोडं थांबून. भाऊजी पलंगाच्या कडेला बसून तुला विचारत होते, "तुला काय वाटतं? तू सांगशील तसं करू." ते तुझ्याकडूनच शिकले असणार. तू एकदम चिडलीस. "काहून विचारता सगळे मला? मला डॉक्टरकी येते का? कुणीतरी ठरवून टाका ना!" मी तुला 'काहून' म्हणताना फार कमी वेळा ऐकलंय. यवतमाळ बाहेर आलं म्हणजे खरंच राग आला असणार. भाऊजी उठून आत गेले. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, सोलून देऊ की रस काढू? तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "तूच ठरव रे." मी सोलून दिले. तू निमूट खाल्लेस. बिया माझ्या हातात दिल्यास.

त्यानंतरच कधीतरी तू हा बदल लिहायला घेतलास. आता यातून मी काय समजू? अडकलेल्या माणसाला प्रश्न नकोसे होतात, हे माझं म्हणणं तुला त्या पलंगावर पटलं? की तू फक्त दमली होतीस आणि दमलेल्या माणसाचं म्हणणं त्याचं म्हणणं नसतं? की तुला कळलं होतं की आता थोडेच दिवस आहेत, आणि जाण्याआधी या भांडकुदळ पोराच्या हातावर काहीतरी ठेवावं म्हणून तू माझं मन राखलंस? हे शेवटचं खरं असेल तर मी तुला माफ करणार नाही. मला भीक नको होती. मला तू समोर हवी होतीस, 'मूर्ख आहेस' म्हणायला.

तुझ्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. सोसायटीच्या हॉलमध्ये पांढऱ्या कपड्यांतली एवढी माणसं बघून आधी वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो. फोटोत तू इतकी गंभीर की ओळखू येईनास. त्रिसरण सुरू झालं तेव्हा मी सगळ्यांबरोबर हात जोडून उभा राहिलो. शब्द येत नव्हते, चाल येत होती, आमच्या शाळेमागच्या विहारातून लहानपणी ऐकलेली. मग भाऊजींच्या ऑफिसातले लोक बोलले, तुझी यवतमाळची मैत्रीण बोलली, आणि अचानक कुणीतरी माझं नाव घेतलं. मी उठलो आणि काय सांगायला लागलो असेन? एका नावाचे दोन व्हेरिएबल असले तर काय होतं, हे. समोरच्या रांगेतल्या आजी माझ्याकडे मोठ्या सहानुभूतीने बघत होत्या. मी म्हटलं, "ताई विचारायची." त्यापुढचं वाक्य मला येईना. मी पुन्हा म्हटलं, "ताई विचारायची," आणि खाली बसलो.

लोक पांगल्यावर मी तुझ्या घरी गेलो, स्वयंपाकघरात भाऊजी आणि उन्नती होते. मी तुझ्या बदलाचं सांगितलं. मी दुसरं कुणाला विचारणार? भाऊजींनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रफीक, ते परत पाठव. ती शुद्धीवर नव्हती. गोळ्यांची गुंगी असायची तिला. तिचं मत बदललेलं नव्हतं."

"नाही, बाबा," उन्नती म्हणाली. "आई बिल्कुल ठीक होती. मी बाजूलाच बसले होते ना. उशी हवी का विचारलं तर म्हणाली, चूप बैठ, महत्त्वाचं लिहितेय. और वो हँस रही थी. म्हणजे, हसत होती."

"हसत का होती?" मी विचारलं.

"पता नहीं, मामा. मी नाही विचारलं."

भाऊजी म्हणाले, "तुला काय कळतंय गं? तिला शेवटी शेवटी कशाचंच भान नव्हतं," आणि त्यांचा आवाज चढला. ताई, तेव्हा माझ्या लक्षात आलं की भाऊजींना तुझ्या डीबगरचं काहीच पडलेलं नाही. 'यापुढे विचारू नये' हे जर तू पूर्ण शुद्धीत लिहिलं असशील, तर तो माणूस तुझ्या पलंगाशी बसून जे जे विचारत होता, त्याचा तुला त्रास होत होता, असं होतं. ते त्यांना सोसणारं नाही. ते तर प्रेमाने विचारत होते. मी त्यांना तसं म्हटलं. म्हटलं, भाऊजी, ती तुमच्यावर नाही चिडायची, आजारावर चिडायची. ते म्हणाले, "तुला कसं माहीत?" आणि मला खरंच माहीत नव्हतं. आम्ही तिघं तिथे तुझी तीन वेगवेगळी माणसं करून उभे होतो आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलीच खरी. निघताना भाऊजींनी मला किन्नू बांधून दिले. घेऊ की नको तेही मला ठरवता येईना, म्हणून घेतले.

सोमवारी तनेजा माझ्या टेबलाशी आला. आपला मॅनेजर वाईट नाही, तुला माहीतच आहे, पण त्याच्यावर रिलीजचं ओझं असतं. "भाई, सुजाता मॅम वाला चेंज अटका हुआ है. टेस्ट सब पास हैं. दिक्कत क्या है?"

"दिक्कत कुछ नहीं है."

"तो अप्रूव कर दे ना यार. या किसी और को दे दूँ?"

"नाही!" मी मराठीतच ओरडलो. अख्ख्या मजल्याने वळून बघितलं. तनेजा हात वर करून मागे सरकला. "अच्छा, अच्छा. आज शाम तक बता दे."

दुसऱ्या कुणी मंजूर केला असता तर त्याच्यासाठी तो साधा बदल. काही ओळी गेल्या, काही आल्या. त्या गेलेल्या ओळींत तू आहेस हे त्याला कुठून कळणार? मी 'हो' म्हटलं की तुझा प्रश्न जगातल्या सगळ्या पडद्यांवरून पुसला जाणार, आणि तुझं या कामात जे ऐकू येण्यासारखं होतं ते तेवढंच होतं. मी 'नाही' म्हटलं तर तो राहील, पण मग तू शेवटी जे ठरवलंस ते मी नाकारलं असं होतं. तेही तू प्रत्युत्तर देऊ शकत नसताना. एवढ्या वर्षांत मी तुझं लिखाण परत पाठवलं तेव्हा तू तासाभरात खिंड लढवायला हजर असायचीस. आता परत पाठवलं तर ते तसंच पडून राहणार.

दिवसभर मी हेच करत बसलो. दमून लिहिलं असेल. पटून लिहिलं असेल. माझ्यासाठी लिहिलं असेल. एकाला धरलं की दुसरं खरं वाटायचं. तुझ्या पद्धतीने जायचं तर तीनही मांडून तुलाच विचारायला हवं, आणि माझ्या पद्धतीने जायचं तर जवळचं उचलायला हवं. पण जवळचं कोणतं? उन्नती तुझ्या बाजूला बसली होती. भाऊजी तर तुझ्या आयुष्यभर बाजूला बसले होते. तू हसत होतीस, हे एवढं एकच पक्कं माझ्या हाती होतं, आणि माणूस दमूनही हसतं.

संध्याकाळ झाली, समोरच्या टॉवरचे दिवे लागले, खाली कॅबवाल्यांचे हॉर्न सुरू झाले. मला एकाएकी तुझा राग आला. मग स्वतःचा. मी एका मेलेल्या बाईच्या उशाशी बसून तिला दिवसभर विचारत होतो, तुला काय वाटतं, तुला नक्की काय वाटतं, तू सांगशील तसं करू. तू तर लिहूनच गेली होतीस की यापुढे विचारू नये. का लिहिलंस ते लिहिलं नाहीस, कारण त्याचंही स्पष्टीकरण तुला द्यायचं नव्हतं. तपासणाऱ्याने काम तपासायचं असतं. तुझं काम चोख होतं. मी 'हो' केलं.

ताई, तुझे उपकार मोजायला बसलो नाही, तू ओरडली असतीस. पण इतकं सांगतो, की या शहरात मला पहिल्यांदा कुणी विचारलं ती तू होतीस, आणि त्यामुळेच मी इथे टिकलो. आपलं भांडण अजून माझ्या मते संपलेलं नाही. मी जिंकलो असं मी कुणाला सांगत नाही. तनेजा अभिनंदन करायला आला, तर मी संडासाच्या दिशेने निघून गेलो.

आज सकाळी नवी आवृत्ती बांधून झाली. मी तो जुना, बसच्या ब्रेकचा प्रोग्राम उघडला. जिथे एकही 'स्पीड' जवळ नाही आणि लांब चार आहेत, त्या ओळीवर तो थांबवला, आणि नाव टाइप केलं. एका क्षणात आकडा आला, शेजारी बारीक अक्षरात फाइलचं नाव. चाकाचा स्पीड. मला तोच हवा होता. उत्तर अगदी बरोबर होतं, आणि तरी मी पडद्याकडे बघत तसाच बसून राहिलो, तू विचारशील म्हणून.